मा-हुआंगची काडी आणि मुळी

चिनी वैद्यांच्या औषधिग्रंथांत ‘मा-हुआंग’ नांवाची एक वनस्पति आहे. पानें नसल्यासारखींच, नुसत्या हिरव्या काड्यांचें झुडूप. घाम आणण्यासाठीं आणि खोकल्या-दम्यावर तिचा काढा शतकानुशतकें दिला जात आला. वैद्यांचा एक दंडक मात्र चमत्कारिक होता: काडीनें घाम सुटतो, आणि त्याच झुडपाच्या मुळीनें तो थांबतो! असलें वचन ऐकून एखाद्या रसायनज्ञानें मान हालविली असती तर त्यांत नवल नव्हतें.

बर्लिन येथें हॉफमन यांच्यापाशीं शिकून आलेले जपानी पंडित नागाई नागायोशी यांनीं १८८५ मध्यें या वनस्पतींतून एक शुद्ध द्रव्य वेगळें काढलें व त्यास ‘एफेड्रिन’ हें नांव दिलें. द्रव्य तर हातीं आलें. पण त्याचें करावयाचें काय? डोळ्यांत घातलें असतां बाहुली विस्फारते, एवढा गुण लक्षांत आला. ज्या दम्यासाठीं लोक तो काढा पीत, तिकडे मात्र शास्त्राचें फारसें लक्ष गेलें नाहीं. जवळजवळ चाळीस वर्षें हें औषध बाटलींत पडून राहिलें म्हटलें तरी चालेल.

१९२३ मध्यें चेन के-हुई हे तरुण संशोधक अमेरिकेंतून शिकून पेकिंग युनियन मेडिकल कॉलेजांत आले. त्यांचे मामा जुन्या पद्धतीचे वैद्य. त्यांच्या औषधालयांत चेन यांचें बालपण गेलेलें. मामांच्या सांगण्यावरून त्यांनीं मा-हुआंग हातीं घेतली. गुंगी दिलेल्या कुत्र्याच्या शिरेंत काढा टोंचतांच रक्ताचा दाब चढला. कार्ल श्मिट या सहकाऱ्यासह त्यांनीं त्यांतील द्रव्य काढून पाहिलें, तों तें नागाईंचेंच एफेड्रिन! १९२४ मध्यें दोघांनीं निबंध प्रसिद्ध केला. या द्रव्याचें कार्य ॲड्रेनॅलिनसारखें. परंतु ॲड्रेनॅलिन पोटांत घेऊन उपयोग नाहीं, आणि टोंचलें तरी त्याचा अंमल लवकर ओसरतो. एफेड्रिन तोंडानें घेतां येई व त्याचा गुण कांहीं तास टिके. रात्र रात्र उशाशीं टेकून श्वासासाठीं धडपडणाऱ्या दमेकऱ्यास या फरकाची किंमत निराळी सांगावयास नको.

अर्थात् हें अमृत नव्हे. त्यानें छाती धडधडे, झोंप उडे. पुढें त्याहून सुरक्षित औषधें आलीं आणि दम्यांतील त्याचें महत्त्व ओसरलें. वजन उतरविण्यासाठीं मा-हुआंगयुक्त गोळ्या खाण्याचें वेड अमेरिकेंत पसरलें, तें कित्येकांना भोंवलें, आणि २००४ मध्यें सरकारला अशा गोळ्यांवर बंदी घालावी लागली.

राहिली ती मुळी. जपानी संशोधकांनीं पुढें तिचेंहि पृथक्करण केलें. तींत एफेड्रिन जवळजवळ नव्हतेंच. उलट, रक्ताचा दाब उतरविणारीं निराळींच द्रव्यें निघालीं.