टेसच्या गावी

मंडळाच्या वाचनवर्गात टॉमस हार्डीच्या ‘टेस’ची कथा आपण ऐकली, तेव्हा एका भगिनीने विचारले होते, “ही टेस खरी होती का हो?” त्या वेळी मला उत्तर देता आले नाही. गेल्या वर्षी मुलीकडे इंग्लंडला जाण्याचा योग आला, तेव्हा तो प्रश्न पदरी बांधूनच निघाले.

हार्डी १८४० साली डॉर्सेट परगण्यात जन्मला. कादंबऱ्यांतून त्याने या मुलखाला ‘वेसेक्स’ म्हटले आणि गावांची नावे बदलली. लंडनहून आगगाडीने मी वूल या खेड्यात उतरले. कादंबरीतले ‘वेलब्रिज’ ते हेच. फ्रूम नदीवरचा जुना दगडी पूल आणि पलीकडचा वाडा अजून उभे आहेत. लग्नाच्या रात्री टेस येथेच उतरली. नवऱ्याने आपला पूर्वीचा दोष सांगितला, तो तिने पोटात घातला. तिने स्वतःवर गुदरलेला प्रसंग सांगितला, तो मात्र त्याला सोसवला नाही. वाडा मी पुलावरूनच पाहिला. आत जावेसे वाटले नाही.

पुढे डॉर्चेस्टर, म्हणजे कादंबरीतले ‘कॅस्टरब्रिज’. तेथे एका घरावर पाटी आहे की, हार्डीच्या कथेतला नगराध्यक्ष येथे राहत असे म्हणतात. कधी न जन्मलेल्या माणसाच्या घराला पाटी! मोठी मौज वाटली.

तुरुंगापाशी आल्यावर ती मौज ओसरली. हा तुरुंग २०१३ साली बंद झाला. ९ ऑगस्ट १८५६ रोजी येथे मार्था ब्राउन या स्त्रीला भर गर्दीसमोर फाशी दिले. नवऱ्याने चाबकाने मारले, तेव्हा आपण कुऱ्हाडीने त्याचा जीव घेतला, अशी कबुली तिने दिली होती. त्या गर्दीत सोळा वर्षांचा हार्डी उभा होता. ते पाहिल्याची लाज त्याने म्हातारपणी पत्रात लिहिली आहे.

१८९१ साली ‘टेस’ पुस्तकरूपाने निघाली. तिचाही शेवट फाशीनेच होतो. आणि पुस्तकाच्या नावाखाली हार्डीने ‘एक शुद्ध स्त्री’ असे शब्द घातले. त्याबद्दल टीकाकारांचे बोलही त्याने खाल्ले.

टेस म्हणजे मार्था, असे मी म्हणत नाही. दोघींची आयुष्ये निराळी. परंतु त्या भगिनीला आता इतके सांगता येईल: टेस कधी नव्हती, पण तिच्यासाठी लिहिणाऱ्याच्या मनात एक खरी बाई पस्तीस वर्षे घर करून होती. पाटी नगराध्यक्षाच्या घराला आहे. मार्थाचे नाव निदान आपल्या स्मरणिकेत राहो.