‘संशयकल्लोळ’ : रूपांतर आणि सामाजिक अवकाश

आयरिश नाटककार आर्थर मर्फी यांचे ‘ऑल इन द राँग’ हे सुखात्म नाटक 1761 मध्ये लंडनच्या ड्रुरी लेन रंगभूमीवर आले. त्याची मूळ कल्पना मोलिएरच्या ‘स्गानारेल’ (1660) या प्रहसनातली. गोविंद बल्लाळ देवलांनी मर्फीच्या नाटकावरून 1893 मध्ये ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’ हे गद्य नाटक सिद्ध केले आणि 1916 मध्ये, देवलांच्या निधनाच्याच वर्षी, गंधर्व नाटक मंडळीने ते ‘संगीत संशयकल्लोळ’ या रूपात रंगभूमीवर आणले. पॅरिस, लंडन, महाराष्ट्र असा हा प्रवास ‘उसनवारी’ या एका शब्दात निकालात काढण्याची समीक्षेची सवय तपासून पाहण्याजोगी आहे.

घटनांचा सांगाडा देवलांनी राखला आहे. मूर्च्छित तरुणीला सावरणारा नवरा, ते पाहणारी बायको, तिच्या हाती लागलेली परपुरुषाची तसबीर, हे सारे मर्फीचेच. सर जॉन रेस्टलेस आणि त्यांची पत्नी येथे फाल्गुनराव-कृत्तिका होतात; बेव्हर्ली-बेलिंडा अश्विनशेठ-रेवती होतात. पुरुषांना महिन्यांची आणि स्त्रियांना नक्षत्रांची नावे देऊन देवलांनी पात्रांना मराठी तर केलेच, पण आडनावातून कळणाऱ्या जातीपासूनही त्यांना मोकळे ठेवले.

खरा बदल रेवतीच्या बाबतीत आहे. बेलिंडाच्या वाटेत बापाने ठरवलेले लग्न उभे असते. देवलांची रेवती मात्र मघा नायकिणीची मुलगी आहे. संमतिवयाच्या कायद्याने ही वयोमर्यादा 10 वरून 12 वर्षांवर नेली ती 1891 मध्ये. ज्या समाजात एवढ्यावरून वादळ उठले, तेथे प्रियकराला स्वेच्छेने भेटणारी, त्याच्याशी भांडणारी अविवाहित प्रौढ तरुणी कुलीन घरात दाखवणे असंभाव्य ठरले असते. सुखात्मिकेला लागणारे हे स्वातंत्र्य कलावंतिणीच्या घरातच उपलब्ध होते. 1916 च्या संगीत रूपालाही या निवडीचा लाभ झाला: बालगंधर्वांच्या रेवतीचे गाणे तिच्या घराण्याशी सुसंगत ठरले.

या स्थलांतराने संशयाचा अर्थही पालटला. बेव्हर्लीचा संशय हा व्यक्तीच्या स्वभावाचा दोष आहे. अश्विनशेठच्या संशयाला समाजाचा पूर्वग्रह पाठबळ देतो. कृत्तिकेला पत्नीपदाचे संरक्षण आहे, रेवतीला आपली निष्ठा सिद्ध करावी लागते. एकाच तसबिरीचा घोटाळा दोघींना सारखा महाग पडत नाही.

शेवटी गैरसमज फिटतात, तेव्हा नाटक हा पूर्वग्रहही वैयक्तिक चूक म्हणूनच मिटवते. ‘शारदा’ (1899) मध्ये जरठ-कुमारी विवाहावर थेट आघात करणारे देवल येथे प्रश्न उभा करतात आणि हास्यात विरघळू देतात. ही सुखात्मिकेच्या रूपबंधाची मर्यादा म्हणता येईल. पण प्रश्न मर्फीच्या संहितेत नव्हता, तो मराठी रूपांतराने निर्माण केला, हे विसरता येत नाही. रूपांतराची मौलिकता कथानकात शोधण्यापेक्षा, परक्या कथानकाला आपल्या समाजात जेथे जागा करून द्यावी लागली, तेथे शोधणे अधिक फलदायी ठरते.