फडणिसांची कचेरी

फडणीस म्हटले की नाना फडणिसांचे राजकारण आठवते. पण फडणीस हा मुळात कचेरीतला हुद्दा. फर्द म्हणजे हिशेबाची यादी. ती लिहिणारा तो फर्दनवीस, त्याचाच पुढे फडणीस झाला. नानांचे आडनाव भानू. १७५६ साली वडील वारले आणि हे काम पोरवयातच त्यांच्या गळ्यात पडले.

काम तरी कोणते? पुण्याच्या हुजूर दफ्तरात दोनशेंहून अधिक कारकून असत. मांडी घालून बसायचे, हातात बोरू घ्यायचा आणि मोडीत लिहीत राहायचे. रोजचा व्यवहार रोजकिर्दीत, त्यावरून खात्याखात्याची खतावणी, आणि वर्षअखेर सगळ्याचा गोषवारा, त्याला तर्जुमा म्हणत. कुळकर्ण्याने गावाचा हिशेब द्यावा, कमाविसदाराने तो पुढे पाठवावा आणि फडणिसाच्या माणसांनी तो ताडून पाहावा, अशी ही साखळी. चालू काम पाही ते चालते दफ्तर; सगळे हिशेब एकत्र लावून ठेवी ते एकबेरीज दफ्तर. लिहिलेले कागद कापडात बांधून ठेवीत, त्या गठ्ठ्याला रुमाल म्हणत.

महालोमहालीही फडणीस असे. कमाविसदार त्याचा वरिष्ठ खरा, पण त्याला काढून टाकण्याचा अधिकार कमाविसदाराला नव्हता. म्हणून तर त्याची लेखणी साहेबावरही नजर ठेवू शके!

नानांनी ही व्यवस्था पक्की केली. १८०० साली ते गेले. दुसऱ्या बाजीरावाच्या अमदानीत दफ्तराकडे दुर्लक्ष झाले, कारकून पांगले, कागद विस्कटले. त्याची झळ कोणाला लागली? १८१८ मध्ये राज्य गेले. पुढे १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार मिळाले आणि गावोगावच्या इनामदारांकडे पुरावा मागितला जाऊ लागला. घरची सनद हरवली असेल, तर जुन्या दफ्तरातली नोंद हाच आधार. नोंद सापडली तर जमीन टिकण्याची आशा. नाही तर बापजाद्यांचे इनाम धोक्यात. कारकुनाने चुकवलेली एक ओळ नातवाला अशी भोवे.

उरलेले हजारो रुमाल आजही पुण्याच्या पुराभिलेखागारात आहेत. त्यांतून निवडलेले कागद गो. स. सरदेसाईंनी १९३० ते १९३४ या काळात ४५ खंडांत छापवून घेतले. तेव्हा गुरुजी, गावातल्या जुन्या वाड्यात मोडी कागद निघालेच, तर ते रद्दीत जाऊ देऊ नका. आधी मोडीच्या जाणकाराला दाखवा. कोण्या फडणिसाने ते कोणासाठी तरी जपले होते.