ब्रुकलंड्सचा शनिवार

‘हौशी’ हा शब्द आपल्याकडे बहुधा नाटकाच्या संबंधाने वापरला जातो. धंदेवाईक मंडळीतला तो खरा नट, आणि कचेरी सुटल्यावर तोंडाला रंग लावणारा तो हौशी, अशी आपली समजूत. आणि हौशी म्हटले की टाळ्यांबरोबर थोडीशी क्षमाही आपण आगाऊच देऊन ठेवतो. यंत्रांच्या क्षेत्रात ही समजूत कितपत टिकते, हे ज्यांस पाहावयाचे असेल त्यांनी इंग्लंडातील एका बंद पडलेल्या धावमार्गाचा इतिहास अवश्य पाहावा. त्या मार्गाचे नाव ब्रुकलंड्स. मोठमोठ्या मोटारींच्या विक्रमांमुळे त्याचे नाव जगभर झाले खरे. परंतु आम्हांस त्याच्या इतिहासातील अधिक मोलाचा भाग वाटतो तो, शनिवारी दुपारी आपली मोटार-सायकल घेऊन तेथे येणाऱ्या साध्या माणसांचा.

मोटारी रस्त्यावर आल्या तेव्हा इंग्लंडच्या कायद्याने त्यांस मोठ्या संशयाने वागविले. १९०३ च्या मोटार कायद्याने वेगाची मर्यादा ताशी २० मैल ठरविली, आणि ती १९३० पर्यंत कायद्याच्या पुस्तकात राहिली. ती प्रत्यक्षात किती पाळली गेली हा प्रश्न निराळा. परंतु एखाद्या कारखानदारास आपले यंत्र उघडपणे भरधाव सोडून पाहावयाचे असेल, तर त्यास हक्काची जागा नव्हती. ही उणीव ह्यू लॉक किंग नावाच्या एका जमीनदाराने स्वतःच्या खर्चाने भरून काढली. लंडनच्या नैर्ऋत्येस सरे परगण्यात वेब्रिज येथे त्याची जमीन होती. तिच्यावर त्याने पावणेतीन मैल लांबीचा व १०० फूट रुंदीचा काँक्रीटचा वाटोळा मार्ग बांधविला. वळणांवर वेग कमी करावा लागू नये म्हणून मार्गाची बाहेरची कड सुमारे ३० फूट उंच उचललेली होती. १७ जून १९०७ रोजी मार्ग खुला झाला. मोटारींच्या शर्यतीकरिता मुद्दाम बांधलेला असा मार्ग तोपर्यंत जगात कोठेच नव्हता. सुमारे दीड लाख पौंडांच्या ह्या खर्चाने लॉक किंग कर्जबाजारी होण्याच्या बेतास आला, हेही नमूद केले पाहिजे.

त्याच महिन्याच्या अखेरीस एस. एफ. एज ह्याने तेथे सतत २४ तास मोटार हाकून सरासरी ताशी सुमारे ६६ मैलांचा वेग राखला. रात्री मार्गावर तांबडे कंदील लावले होते. विक्रम झाला, परंतु आसपासच्या प्रतिष्ठित रहिवाशांच्या झोपेचे खोबरे झाले, आणि रात्रीच्या धावण्यास कायमची बंदी आली. पुढे १९२९ मध्ये २४ तासांची शर्यत भरविण्याची पाळी आली तेव्हा ती बारा-बारा तासांच्या दोन दिवसांत वाटावी लागली आणि मधल्या रात्री गाड्या कुलपात ठेवाव्या लागल्या! शेजाऱ्यांच्या ह्या कुरकुरीमुळेच पुढे प्रत्येक वाहनास भलामोठा सायलेन्सर लावणे सक्तीचे झाले. त्या डब्याचे नाव मोटार-सायकलवाल्यांच्या भाषेत ‘ब्रुकलंड्सचा डबा’ असेच पडले.

आरंभी येथील सारा थाट घोड्यांच्या शर्यतीचा होता. चालकांनी घोडेस्वारांप्रमाणे रंगीत रेशमी अंगरखे घालावयाचे, आणि गाडी कोणाची हे त्या रंगांवरून ओळखावयाचे. मंडळी खानदानी असावी, परंतु गर्दी नसावी, असे ब्रुकलंड्सचे जाहीर ब्रीद होते. अशा ठिकाणी फटफटीला मान मिळण्याचे काही कारण नव्हते. तरी १९०८ च्या फेब्रुवारीत मॅक्मिनीज व बिकफर्ड ह्या दोघांनी आपसांत एक खाजगी लढत करून पाहिली. त्यात मॅक्मिनीजची ट्रायम्फ जिंकली. एप्रिलमध्ये, ईस्टरच्या सोमवारी, मोटार-सायकलींची पहिली रीतसर शर्यत झाली. पुढच्याच वर्षी ब्रिटिश मोटार-सायकल रेसिंग क्लब स्थापन झाला, आणि फटफटीवाल्यांस स्वतःचे असे घर मिळाले.

ह्या क्लबाच्या शनिवारच्या मेळ्यांत दोन जातींचे लोक एकत्र येत. एक जात धंदेवाईकांची. मार्गालगतच त्यांची कर्मशाळा असे. कारखाने, तेलवाले व टायरवाले त्यांस विक्रमामागे बक्षीस देत. बिल लेसी ह्याने १९२८ साली ५०० सी.सी.च्या यंत्रावर एका तासात १०० मैलांहून अधिक अंतर येथेच कापले. दुसरी जात हौशांची. आठवडाभर कचेरीत, कारखान्यात किंवा कॉलेजात काम करून ही मंडळी शनिवारी वेब्रिजला येत, आणि कित्येकांची शर्यतीची मोटार-सायकल म्हणजे रोज कामावर जाण्याचीच मोटार-सायकल असे. आल्यावर दिवे काढावयाचे, तो डबा चढवावयाचा, कार्बोरेटरची भोके बदलावयाची, आणि एक फेरी मारून एंजिनाचा आवाज ऐकावयाचा. संध्याकाळी सारे पूर्ववत बसवून त्याच यंत्रावरून घरी परतावयाचे. एंजिन फुटले असेल तर मात्र रेल्वेचे तिकीट काढावयाचे.

ह्या दोन जातींना एका रांगेत उभे करणारी वस्तू म्हणजे सवलतीची पद्धत. घोड्याच्या शर्यतीत चपळ घोड्यावर वजन लादतात, तसा येथे वेगवान यंत्रावर वेळ लादला जाई. मंद यंत्र आधी सुटे. चपळ यंत्र नुसते उभे राहून सेकंद मोजी. एबलव्हाइट नावाचे एक गृहस्थ कित्येक वर्षे ही सवलत ठरवीत. त्यांचा मूळ धंदा वाद्यांचा होता. एंजिनाच्या आवाजावरून स्वाराने लपविलेला वेग ते ओळखीत की काय, अशी शंका घेण्यास जागा आहे! ह्या पद्धतीचा परिणाम असा होई की, जुन्या यंत्रावरील कारकुनालाही सर्वांत पुढे येण्याची खरी संधी राही. एक मात्र होते: तो एकदा जिंकला की पुढच्या वेळी त्याची सवलत कमी होई, म्हणून दुसऱ्यांदा जिंकावयाचे तर यंत्र खरोखरीच सुधारावे लागे. हौशांना यंत्रशास्त्राचा अभ्यास करावयास लावणारी ह्याहून चतुर युक्ती आमच्या पाहण्यात नाही.

आणि मार्गही सोपा नव्हता. काँक्रीट घाईने ओतलेले. ते वर्षानुवर्षे खचत गेले आणि दरवर्षी हिवाळ्यात त्याची डागडुजी करावी लागे. वे नदीवरील पुलापाशी तर असा एक उंचवटा होता की, वेगात आलेले यंत्र तेथे जमीन सोडून हवेत जाई. ताशी १०० मैलांच्या वेगाने पूर्ण फेरी मारावयाची म्हणजे सुमारे शंभर सेकंदांत हा उंचवटा आणि दोन्ही उंच वळणे पार करावयाची. क्लबाच्या शर्यतीत जो स्वार अशी फेरी करून दाखवी, त्याला कोटावर लावावयाचा एक लहानसा सोनेरी तारा मिळे. त्या ताऱ्याची प्रतिष्ठा एवढी होती की, १९३७ साली वॉल हँडली ह्याने बी.एस.ए.च्या यंत्रावर तो मिळविताच कारखान्याने पुढील वर्षी आपल्या नव्या यंत्राचे नावच ‘गोल्ड स्टार’ ठेवले.

हा तारा ब्रुकलंड्सच्या साऱ्या आयुष्यात तीनच स्त्रियांना मिळाला. पहिली फ्लॉरेन्स ब्लेन्किरन, १९३४ च्या एप्रिलमध्ये. शेवटची थेरेसा वॉलक, १९३९ मध्ये, तीही अवघ्या ३५० सी.सी.च्या नॉर्टनवर. ह्याच दोघी १९३४ च्या डिसेंबरात एका मोटार-सायकलीला साइडकार व मागे सामानाची गाडी जोडून लंडनहून निघाल्या, आणि सहारा ओलांडून पुढल्या जुलैत केपटाउनला पोहोचल्या. त्या प्रवासावर स्वतंत्र लेखच लिहावा लागेल. येथे आम्हांस मधल्या स्त्रीविषयी सांगावयाचे आहे.

बीट्रिस शिलिंग हिचा जन्म १९०९ सालचा. बाप खाटिकाचा धंदा करणारा. चौदाव्या वर्षी तिने मोटार-सायकल घेतली, आणि ती खोलून पुन्हा जोडण्यात तिला चालविण्याइतकीच गोडी वाटू लागली. मार्गरेट पार्ट्रिज ह्या स्त्री-एंजिनियरच्या हाताखाली तिने विजेच्या कामाची उमेदवारी केली. नंतर मँचेस्टरच्या विद्यापीठातून विद्युत् एंजिनियरिंगची पदवी, आणि त्यापाठोपाठ १९३३ च्या सुमारास यंत्रशास्त्रातील वरची पदवी घेतली. स्त्रीने एंजिनियर व्हावे ही गोष्ट त्या काळी इंग्लंडातही चमत्कारिक समजली जात असे. पदवी मिळाली, पण तेवढ्याने नोकरी मिळेना. तेव्हा बर्मिंगहॅम येथे एका प्राध्यापकाची संशोधन-सहायक म्हणून ती राहिली. तेथील विषय होता एंजिनात दाबाने हवा भरली असता त्याचे काम कसे बदलते हा. म्हणजे दिवसा प्रयोगशाळेत जे मोजावयाचे तेच सुटीच्या दिवशी स्वतःच्या ५०० सी.सी.च्या नॉर्टनवर पारखावयाचे! ते यंत्र ती स्वतःच्या हातांनी सिद्ध करीत असे. १९३४ साली तिने तारा मिळविला, आणि तिची फेरी ताशी १०६ मैलांची झाली. कारखान्यांचे पाठबळ असलेले स्वारही तिच्या मागे राहिल्याचे दाखले आहेत.

१९३६ मध्ये फार्नबरो येथील सरकारी विमान-संशोधन संस्थेत तिला जागा मिळाली. तेथेच जॉर्ज नेलर ह्यांच्याशी परिचय होऊन १९३८ मध्ये दोघांचा विवाह झाला. ‘तुम्ही तारा मिळवाल तेव्हाच लग्न’ अशी अट तिने घातली होती, असे सांगतात. नेलरांनी तारा मिळविला हे खरे. अटीची गोष्ट मित्रमंडळींनी रचलेली असली तरी आमची हरकत नाही.

महायुद्धात स्पिटफायर व हरिकेन ही विमाने मर्लिन एंजिनावर चालत. त्या एंजिनाच्या कार्बोरेटरात एक खोड होती. शत्रूच्या मागे वैमानिकाने विमानाचे नाक एकाएकी खाली दाबले की, पेट्रोल कार्बोरेटरच्या तळाऐवजी माथ्याकडे जाई आणि एंजिन क्षणभर उपाशी राही. मग लगेच पातळी राखणाऱ्या तरंगत्या गोळ्याची व्यवस्था बिघडून पेट्रोलचा पूर येई आणि एंजिन गुदमरे. जर्मन विमानांत पेट्रोल पिचकारीने फवारले जात असल्याने त्यांस हा त्रास नव्हता. पाठलाग होऊ लागताच नाक खाली घालून सटकावे, हे जर्मन वैमानिक लवकरच शिकले. इंग्रज वैमानिकास त्यामागे जावयाचे तर आधी विमान कुशीवर उलटवावे लागे. तेवढ्यात शिकार निसटे.

पेट्रोलची पिचकारी नव्याने बनविण्यास वेळ लागला असता. शिलिंगबाईंनी केले ते एवढेच: पितळेच्या छोट्या टोपणास एक मोजके भोक पाडून ते पेट्रोलच्या वाटेत बसविले. पूर्ण जोरात धावणाऱ्या एंजिनास जितके पेट्रोल लागते तितकेच त्यातून जावे, अधिक नाही. पूर थांबला. हे टोपण बसविण्यास विमान छावणीतून हलविण्याचीही गरज नव्हती. १९४१ च्या आरंभी छोटी तुकडी घेऊन बाई ठिकठिकाणच्या छावण्यांवर हिंडल्या आणि ती टोपणे बसवून आल्या. स्वतः बहुधा जुन्या नॉर्टनवर बसूनच जात. वैमानिकांनी त्या वस्तूला बाईंच्या नावाने एक चावट नाव दिले. ते येथे देण्याजोगे नाही.

ह्या कथेला अलीकडे फार फुगविण्यात येते. ह्या टोपणाने ‘ब्रिटनची लढाई’ जिंकली, असेही लिहिलेले आढळते. ती लढाई १९४० च्या उन्हाळ्यात व शरदात झाली, आणि टोपण आले १९४१ मध्ये. शिवाय पहिला उपवासाचा क्षण त्याने टळत नसे. पूर्ण इलाज पुढे निराळ्या कार्बोरेटरने झाला. बाईंच्या थोरवीस ह्या अतिशयोक्तीची मुळीच आवश्यकता नाही. शनिवारी दुपारी, शर्यत सुटण्यास काही मिनिटे उरली असता, भोक किती मोठे ठेवावे हा एकच प्रश्न सोडविण्याचा जिला वर्षानुवर्षे सराव, तिला युद्धाच्या घाईत काय करावे आणि काय पुढे ढकलावे हे लवकर कळले, एवढे मात्र आम्ही निःशंकपणे म्हणू.

खुद्द ब्रुकलंड्सला युद्धाने गिळले. ४ जुलै १९३९ रोजी नोएल पोप ह्याने ताशी साडेचोवीसशे फुटांचा नव्हे, चांगला १२४ मैलांहून अधिक वेगाचा फेरा करून मोटार-सायकलीचा तेथील अखेरचा विक्रम केला. ७ ऑगस्टला शेवटचा मेळा भरला. मार्गाच्या आत व्हिकर्स व हॉकर ह्यांचे विमानांचे कारखाने होतेच. ते वाढत गेले, आणि त्यांस वाट करून देण्यासाठी काँक्रीटची उंच कड फोडण्यात आली. ४ सप्टेंबर १९४० रोजी व्हिकर्सच्या कारखान्यावर बाँब पडून ८० हून अधिक कामकरी ठार झाले. १९४६ च्या जानेवारीत सारी जागा व्हिकर्स कंपनीने ३,३०,००० पौंडांस विकत घेतली, आणि शर्यतीची आशा संपली.

शिलिंगबाई १९६९ पर्यंत फार्नबरोस नोकरीत होत्या. युद्धानंतर नवराबायको मोटारींच्या शर्यतीत उतरू लागली, आणि पन्नाशी उलटल्यावरही बाई सुटीच्या दिवशी शर्यतीच्या मार्गावर दिसत. १९९० मध्ये त्या वारल्या. पुढच्याच वर्षी ब्रुकलंड्सच्या उरलेल्या भागावर एक संग्रहालय उघडण्यात आले. उंच वळणाचा एक तुकडा तेथे अद्याप उभा आहे.