पॉवर प्रेस ऑपरेटर

पॉवर प्रेस ऑपरेटर : पंच आणि डाय यांच्यामध्ये धातूचा पत्रा दाबून त्याला आकार देणाऱ्या यंत्रावर काम करणारा कारखान्यातील कामगार. मोटारीचे दरवाजे, दुचाकीची पेट्रोलची टाकी, स्टीलचे डबे, पंख्याची पाती, स्विचच्या आतल्या पितळी पट्ट्या आणि नाणी या सगळ्या वस्तू प्रेसखालून निघतात. महाराष्ट्रात हे काम भोसरी, पिंपरी-चिंचवड, चाकण, वाळूज, सातपूर आणि अंबड या औद्योगिक वसाहतींत एकवटले आहे. मोठ्या वाहन कंपन्यांची स्वतःची प्रेस शॉप असतात, पण बहुतेक ऑपरेटर त्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या लहान-मध्यम कारखान्यांत भेटतात. तिथे एका शेडमध्ये दहा-वीस प्रेस ओळीने उभ्या असतात आणि बोलायचे तर ओरडून बोलावे लागते.

मेकॅनिकल प्रेसमध्ये मोटार एक जड फ्लायव्हील सतत फिरवत ठेवते. पेडल किंवा बटण दाबले की क्लच लागतो, फ्लायव्हीलची गती क्रँकशाफ्टला मिळते आणि रॅम खाली येऊन पुन्हा वर जातो. पंच रॅमला बांधलेला असतो, डाय खालच्या बोल्स्टर या जाड पाटावर. हायड्रॉलिक प्रेसमध्ये फ्लायव्हीलऐवजी तेलाचा दाब काम करतो. जोसेफ ब्रामा याने १७९५ मध्ये इंग्लंडमध्ये या तत्त्वावरील प्रेसचे पेटंट घेतले. हिची चाल मंद असते, पण रॅम कुठेही असला तरी पूर्ण जोर मिळतो. म्हणून खोल भांडी ओढायला ती सोयीची पडते. पत्रा सरळ रेषेत वाकवायला प्रेस ब्रेक वापरतात. वाकवलेला पत्रा दाब काढताच थोडा उलगडतो, त्यामुळे ९० अंशांचा कोन हवा असेल तर ऑपरेटर तो दोन-तीन अंश जास्तच वाकवतो.

प्रेसची क्षमता टनांत मोजतात. २ मिमी जाडीच्या साध्या पोलादी पत्र्यातून १०० मिमी व्यासाची चकती कापायची असेल, तर ३१४ मिमी परिघाला जाडीने आणि पत्र्याच्या कर्तनबलाने गुणायचे. हे बल दर चौरस मिमीला ३५० न्यूटन धरले तर सुमारे २२ टनांचा जोर लागतो. असा जॉब २० टनी प्रेसवर चढवला तर यंत्राची फ्रेम ताणली जाते आणि पंचही लवकर जातो. हा हिशोब खरे तर टूल रूमचा, तरी जुन्या ऑपरेटरला तो अंदाजाने ठाऊक असतो.

ऑपरेटरचे कसब डाय सेटिंगपासून दिसू लागते. डाय बोल्स्टरवर नीट बसवायची, पंच तिच्याशी जुळवायचा, शट हाइट (रॅम तळाशी असताना त्याच्या आणि बोल्स्टरच्या मधले अंतर) लावायची, रॅम हाताने एकदा पूर्ण फिरवून पाहायचा आणि मगच मोटार चालू करायची. मोठ्या कारखान्यांत यासाठी वेगळा सेटर असतो, लहान ठिकाणी ऑपरेटरच सेटर. हे काम तासन्‌तास चालते आणि तेवढा वेळ प्रेस बंद राहते. जपानी अभियंता शिगेओ शिंगो याने टोयोटामध्ये १००० टनी प्रेसची डाय बदलायला लागणारा चार तासांचा वेळ तीन मिनिटांवर आणला. जी तयारी प्रेस चालू असताना करता येते ती आधीच उरकून घ्यायची, हे त्याचे मुख्य सूत्र होते.

सेटिंग झाले की पहिला नग तपासायला जातो. अनुभवी ऑपरेटर गेज लावण्याआधी त्याची कड पाहतो. नीट कापलेल्या कडेवर आधी चकाकती गुळगुळीत पट्टी दिसते, मग खरखरीत तुटलेला भाग. काठावर उभी राहिलेली धारदार कोर म्हणजे बर. पंच आणि डाय यांच्यातली फट एका बाजूला पत्र्याच्या जाडीच्या साधारण ५ ते १० टक्के असावी लागते. बर एकाच बाजूला येत असेल तर पंच मध्यातून सरकला आहे, चहूबाजूंनी येत असेल तर धार गेली आहे किंवा फट वाढली आहे. डबा ओढताना काठाला सुरकुत्या पडल्या तर पत्रा धरून ठेवणाऱ्या रिंगचा दाब कमी आहे. तळाच्या वळणाजवळ डबा फाटला तर दाब बहुधा जास्त झाला आहे. पंच बोथट होऊ लागला की स्ट्रोकचा आवाज जड होतो. शेडभर गोंगाट असतानाही आपल्या प्रेसचा हा बदललेला आवाज कान पकडतो. ही जाण एका दिवसात येत नाही, आणि मजुरी ठरवताना ती क्वचितच मोजली जाते.

धोका या कामाच्या पायातच आहे. जुन्या आणि स्वस्त प्रेसमध्ये पिन किंवा की क्लच असतो. तो एकदा लागला की रॅम पूर्ण फेरा मारूनच थांबतो, मधे कुणालाही अडवता येत नाही. मिनिटाला ६० स्ट्रोकच्या प्रेसवर रॅम वरून खाली यायला अर्धा सेकंद लागतो. क्लचची स्प्रिंग तुटली किंवा की झिजली तर पेडल न दाबताही रॅम दुसऱ्यांदा खाली येतो. याला डबल स्ट्रोक म्हणतात. कापलेला नग उचलायला ऑपरेटरचा हात त्या वेळी डायमध्येच असतो. अपघातानंतरच्या कागदांवर बरेचदा ‘कामगाराचा निष्काळजीपणा’ असे कारण लिहिले जाते. पाळीला हजारो वेळा तोच हात आत-बाहेर करणाऱ्या माणसाचे लक्ष एका स्ट्रोकला ढळणारच. त्या एका स्ट्रोकला हात वाचवायचे काम यंत्राचे आहे.

त्यासाठीचे उपाय जुनेच आहेत. डायभोवती जाळी लावली तर हात आत जाऊच शकत नाही, आणि पट्टी आपोआप सरकवणारा फीडर बसवला तर हात आत घालायची गरजच उरत नाही. दोन्ही हातांनी एकाच वेळी बटणे दाबल्याशिवाय प्रेस चालू नये, ही व्यवस्थाही सर्वत्र माहीत आहे. पण टार्गेट गाठण्याच्या घाईत एक बटण दोरीने किंवा काडीने कायमचे दाबून ठेवले जाते. म्हणून नवी नियंत्रणे दोन्ही बटणे अर्ध्या सेकंदाच्या आत दाबली आणि प्रत्येक स्ट्रोकनंतर सोडली तरच पुढे जातात. डायसमोर लावलेल्या प्रकाशकिरणांच्या पडद्यात एखादा किरण तुटला की प्रेस थांबते. मात्र हा पडदा फक्त मधेच थांबू शकणाऱ्या फ्रिक्शन क्लचच्या किंवा हायड्रॉलिक प्रेसवरच उपयोगी आहे. की क्लचच्या प्रेसवर तो लावणे म्हणजे खोटा दिलासा. त्याचे अंतरही मोजून ठरवतात. हाताचा वेग सेकंदाला १.६ मीटर धरतात. प्रेस थांबायला ०.२ सेकंद लागत असतील तर पडदा डायपासून किमान ३२० मिमी दूर हवा, प्रत्यक्षात त्याहून थोडा अधिकच.

कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम २१ नुसार यंत्राचे धोकादायक भाग संरक्षक आवरणाने झाकणे बंधनकारक केले गेले. कलम २३ नुसार १८ वर्षांखालील कामगाराला धोकादायक ठरवलेल्या यंत्रावर पुरेशा प्रशिक्षणाशिवाय किंवा जाणकार देखरेखीशिवाय काम देता येत नसे. संसदेने २०२० मध्ये संमत केलेल्या आणि २०२५ मध्ये लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत या अधिनियमासह १३ कायदे एकत्र केले आहेत.

भरपाई टक्क्यांत ठरते. कर्मचारी राज्य विमा अधिनियमाच्या परिशिष्टात अंगठा पूर्ण गेला तर कमाईच्या क्षमतेतील घट ३० टक्के धरली होती, तर्जनीला १४, मधल्या बोटाला १२, अनामिकेला किंवा करंगळीला ७, एका हाताच्या चारही बोटांना ५० टक्के. प्रेस ऑपरेटर पातळ नग अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत उचलतो. ती चिमूट गेली की त्याच्या हाती पूर्वीचे काम उरत नाही, आणि १४ टक्क्यांच्या आकड्यात हे नुकसान मावत नाही. गेलेल्या बोटांच्या माणसाला पुढे बरेचदा पॅकिंगवर किंवा हेल्पर म्हणून ठेवतात.

या कामाचे रीतसर प्रशिक्षण कमी ठिकाणी आहे. आयटीआयमध्ये शीट मेटल वर्कर आणि टूल अँड डाय मेकर हे ट्रेड शिकवतात, छत्रपती संभाजीनगरच्या इंडो-जर्मन टूल रूममध्ये डाय बनवण्याचे पक्के शिक्षण मिळते. खुद्द प्रेस चालवायला मात्र बहुतेक जण शेजारच्या माणसाकडे पाहूनच शिकतात, आणि त्यांतले पुष्कळ ठेकेदारामार्फत आलेले, गाव सोडून आलेले तरुण असतात. सर्व्हो प्रेस आणि रोबोट यांमुळे मोठ्या कारखान्यांतला हात डायपासून दूर गेला आहे. पुरवठा साखळीच्या खालच्या पायऱ्यांवर हा बदल फार हळू पोचतो. सेफ इन इंडिया फाउंडेशन ही संस्था हरियाणातील गुरुग्राम, मानेसर, फरिदाबाद आणि पुढे महाराष्ट्रातीलही वाहन-सुट्या भागांच्या कारखान्यांतल्या जखमी कामगारांची नोंद ठेवते. तिच्या ‘क्रश्ड’ या अहवालांत हात चिरडणाऱ्या यंत्रांमध्ये पॉवर प्रेस सर्वांत पुढे आहे. कर्मचारी राज्य विम्याचे कार्ड कामावर रुजू होताच मिळायला हवे. या अहवालांतल्या अनेक कामगारांना ते अपघात झाल्यानंतर मिळाले.