विश्लेषण : जुन्या आर्केड गेमचा सर्किट बोर्ड नव्याने कसा बनवतात?

अंधेरी, घाटकोपर, मुलुंड, बोरिवलीत ऐंशी-नव्वदच्या दशकात वाढलेल्यांना व्हिडिओ गेम पार्लर आठवत असतील. १९९३ च्या ‘कॅडिलॅक्स अँड डायनासॉर्स’ला तर त्यातल्या एका पात्रावरून आपल्याकडे ‘मुस्तफा’ हेच नाव पडले. आज ती यंत्रे क्वचितच दिसतात. लाकडी खोके, पडदा, बटणे नव्याने करता येतात. गेम मात्र आतल्या सर्किट बोर्डावर असतो. हा बोर्ड पुन्हा कसा बनवतात, त्यात काय सुधारता येते आणि कशाला हात लावू नये, याविषयी...

बोर्डावर नेमके काय असते?

आर्केड यंत्र म्हणजे एकाच कामासाठी बनवलेला संगणक. जपानच्या टायटो कंपनीचा १९७८ मधला ‘स्पेस इन्व्हेडर्स’ हे समजायला सोपे उदाहरण आहे. तोमोहिरो निशिकादो यांनी त्याचा प्रोग्राम आणि हार्डवेअर दोन्ही तयार केले. त्यात इंटेलचा ८०८० प्रोसेसर सुमारे २ मेगाहर्ट्झ वेगाने चालतो. प्रोग्राम ८ किलोबाइटचा आणि रॅमही तेवढीच. चित्र २५६ गुणिले २२४ ठिपक्यांचे असते आणि प्रत्येक ठिपका पेटलेला किंवा विझलेला एवढेच नोंदवायचे असते. तरीही त्यात ७ किलोबाइट रॅम खर्ची पडते. चित्र ठिपक्या-ठिपक्याने सरकवायला हा प्रोसेसर संथ पडतो, म्हणून त्या कामासाठी वेगळी चिप दिलेली आहे. बहुतेक आवाज रेझिस्टर, कपॅसिटर अशा सुट्या भागांच्या सर्किटमधून निघतात.

जुने बोर्ड बंद का पडतात?

पहिले कारण वीजपुरवठा. ८०८० ला अधिक ५, अधिक १२ आणि उणे ५ असे तीन व्होल्टेज लागतात. त्यातले एक जरी बिघडले तरी चिप निकामी होऊ शकते. दुसरे कारण वय. कपॅसिटर सुकतात, सॉकेटचे पाय गंजतात. मुंबईच्या दमट, खाऱ्या हवेत हे लवकर घडते.

‘मुस्तफा’च्या मूळ कॅपकॉम बोर्डात आणखी एक अडचण आहे. त्यातला आवाजाचा प्रोग्राम सांकेतिक रूपात साठवलेला असतो आणि तो उलगडण्याची किल्ली बॅटरीवर टिकणाऱ्या मेमरीत असते. बॅटरी संपली की किल्ली पुसली जाते आणि बाकी सगळे शाबूत असूनही बोर्ड नीट चालत नाही.

नवा बोर्ड कसा आखतात?

आधी मूळ सर्किटचा आराखडा लागतो. अनेक जुन्या गेमच्या दुरुस्ती-पुस्तिकांत तो छापलेला असतो. नसेल तर बोर्डाच्या दोन्ही बाजूंची छायाचित्रे घेऊन, मल्टिमीटरने एकेक जोडणी तपासून तो काढावा लागतो. मग तो संगणकावर उतरवतात. त्यासाठी ‘की-कॅड’ हे मुक्त सॉफ्टवेअर वापरता येते. पवईच्या आयआयटी मुंबईतील ‘फॉसी’ प्रकल्पाने की-कॅड आणि ‘एनजीस्पाइस’ एकत्र आणून ‘ई-सिम’ हे मोफत साधन तयार केले आहे. मोबाइलच्या ई-सिमशी त्याचा संबंध नाही. सर्किटचा एखादा भाग कसा वागेल, हे बोर्ड छापण्याआधीच त्यात पाहता येते.

सुधारणा कुठे करता येतात?

मूळ बोर्डावर रॅमच्या १६ चिप असतात. त्यांची जागा आज एकच स्टॅटिक रॅम घेते. प्रोग्रामच्या अनेक रॉमऐवजी पुन्हा लिहिता येणारी एक फ्लॅश चिप पुरते. चित्र सरकवणारी खास चिप मिळत नसेल, तर तिचे काम प्रोग्राम करता येणाऱ्या लॉजिक चिपकडे देता येते. उणे ५ व्होल्ट तयार करणारे छोटे सर्किट बोर्डावरच बसवता येते. १९८५ पासून रूढ झालेली ‘जामा’ ही ५६ जोडण्यांची पट्टी दिली, तर तोच बोर्ड पुढच्या काळातील अनेक खोक्यांत बसतो.

कशाला हात लावू नये?

वेळेच्या गणिताला. ‘स्पेस इन्व्हेडर्स’मध्ये ५५ परग्रहवासी असतात आणि पडद्यावरच्या प्रत्येक चित्रागणिक त्यांतला एकच सरकतो. सेकंदाला सुमारे ६० चित्रे उमटतात, म्हणजे सगळ्या फौजेला एक पाऊल टाकायला जवळपास एक सेकंद लागतो. शत्रू मरतात तसा उरलेल्यांचा वेग वाढतो आणि शेवटचा तर धावतच सुटतो. हा खेळाचा प्राण मूळ हार्डवेअरच्या मर्यादेतून आलेला आहे.

प्रोग्रामला वेळेची सूचना पडद्याच्या सर्किटकडूनच मिळते. नव्या मॉनिटरला सोयीचे म्हणून ते सेकंदाला ७५ चित्रांवर नेले, तर अख्खा खेळ २५ टक्के वेगाने पळेल. प्रोसेसर बदलतानाही असाच धोका असतो. नंतरचा ८०८५ एकट्या ५ व्होल्टवर चालतो आणि ८०८० चा प्रोग्राम त्याला समजतो. पण काही सूचनांना त्याला लागणारा वेळ वेगळा आहे. म्हणून शक्य असेल तर नवा आणि जुना बोर्ड शेजारी-शेजारी चालवून ताडून पाहावा.

कायदा काय सांगतो?

बोर्ड बनवणे आणि त्यात प्रोग्राम भरणे या वेगळ्या गोष्टी आहेत. कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार संगणक प्रोग्राम साहित्यकृतीत मोडतो. कलम ५२ नुसार, प्रत कायदेशीरपणे बाळगणाऱ्याला ती नष्ट होण्यापासून संरक्षण म्हणून तात्पुरती राखीव प्रत करता येते. ती विकण्याची परवानगी त्यातून मिळत नाही.

त्यामुळे बंद पडलेला मूळ बोर्ड भंगारात देऊ नये. त्यातल्या रॉम चिप अजून वाचता येत असतील, तर नव्या बोर्डासाठी लागणारा प्रोग्राम त्यातूनच मिळू शकतो. आणि नव्या बोर्डाची तुलना करायलाही तोच नमुना लागतो.