तपकिरी चरबीची गोष्ट

श्रोतेहो, चरबी म्हणजे साठवण, असेच आपण समजतो. पण एक तपकिरी चरबीही असते. ती इंधन जाळून अंगाला ऊब देते. झुरिचच्या कोनराड गेस्नरने १५५१ मध्ये मार्मोट या प्राण्याच्या अंगातील ही चरबी नोंदवली. माणसात ती तान्ह्या बाळापुरतीच, असा समज पुष्कळ काळ होता. २००९ मध्ये ती मोठ्यांतही कार्यरत आढळली. २०१४ मध्ये नेदरलँड्समधील लायडेनच्या संशोधकांनी १२ युरोपीय आणि १२ दक्षिण आशियाई वंशाचे तरुण तपासले. आपल्या वंशाच्या मुलांत ती कमी भरली. मधुमेह आपल्याला लवकर गाठतो, त्याचे एक कारण हेच असेल काय? पण चोविसांवरून साऱ्या वंशाचा निवाडा करू नये. दुसऱ्या तपासणीत असा फरक दिसलाही नाही. तेव्हा गुरुजी, मुलांना एवढेच सांगा: वंश बदलत नाही, चालणे आणि ताट मात्र आपल्या हाती आहे.